सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञाच्या सायटेशनचा हिशेब कसा मांडावा

ताळगाव पठारावरचा गोवा विद्यापीठाचा विभाग असो, झुआरीनगरचे बिट्स असो, की मडगाव-म्हापशाच्या कॉलेजातला चार माणसांचा रसायनशास्त्र विभाग, कुणाच्या तरी संशोधन-कारकिर्दीचा आढावा लिहायचे काम केव्हा ना केव्हा अंगावर येतेच. पदोन्नतीची फाइल असते, पुरस्काराचे नामांकन असते, निवृत्तीनिमित्तचा गौरवग्रंथ असतो, किंवा पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला समोरच्या माणसाचे काम नेमके काय ते समजून घ्यायचे असते. बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात, एच-इंडेक्स (सायटेशनवरून काढलेला एक आकडा, त्याची रीत खाली आहे) उतरवून घेतात आणि काम झाले म्हणतात.

संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या बाबतीत यातून निदान ढोबळ चित्र तरी मिळते. सैद्धांतिक रसायनात तेही मिळत नाही. इथे एक माणूस नवे समीकरण मांडतो, दुसरा त्याचा प्रोग्रॅम लिहितो, तिसरा तो प्रोग्रॅम पन्नास रेणूंवर चालवतो, आणि चौथा प्रयोगवाल्या मित्राच्या पेपरात शेवटचे दोन तक्ते भरून देतो. चौघांच्या नावापुढे पडणारी सायटेशन, म्हणजे इतरांनी आपापल्या पेपरांत दिलेले संदर्भ, वेगळ्या जातीची असतात. ती एकत्र मोजणे म्हणजे शहाळी, नारळ आणि सुके खोबरे एकाच ढिगात मोजण्यासारखे आहे. खालची सगळी पद्धत हे ढीग वेगळे करण्यासाठी आहे. ऐंशी ते शंभर पेपरांच्या कारकिर्दीला तीन-चार दिवस नीट बसावे लागते. त्यातला निम्मा वेळ यादी साफ करण्यात जातो, आणि तो वाचवायला गेलात तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

यादी आधी, आकडे नंतर

सुरुवात माणसाच्या स्वतःच्या बायोडेटापासून करा, डेटाबेसपासून नको. बायोडेटात चुका असतात, पण दुसऱ्याचे पेपर सहसा नसतात, डेटाबेसमध्ये असतात. मग ऑर्किड ही संशोधकांची ओळख-नोंदणी आणि स्कोपस, वेब ऑफ सायन्स, गूगल स्कॉलर, ओपनअॅलेक्स हे सायटेशन-डेटाबेस अशा पाच ठिकाणी तोच माणूस शोधा. ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळू लागला. त्याआधीचे पेपर त्या क्रमांकाला आपोआप जोडलेले नसतात, कुणीतरी ते हाताने जोडावे लागतात. ज्येष्ठ संशोधकांच्या ऑर्किडवर सगळी कारकीर्द सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

स्कोपसची वर्गणी तुमच्या संस्थेकडे नसली तरी लेखकाचे नाव टाकून त्याचे प्रोफाइल आणि एच-इंडेक्स मोफत पाहता येतो. पूर्ण यादी आणि सायटेशनचा तपशील हवा असेल तर वर्गणी असलेल्या संस्थेच्या ग्रंथपालांना गाठा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनवर विसंबून राहू नका. त्यातून सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला मिळतात, सायटेशन-डेटाबेसची सोय ज्या त्या संस्थेने वेगळी केलेली असते. ओपनअॅलेक्स २०२२ पासून चालू आहे आणि मोफत वापरता येते. लेखकाच्या पानावरून सगळी यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवता येते. कॉलेजात बसून काम करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

आता नावांचा घोळ. गोव्यात तो दुप्पट आहे. प्रभुदेसाई हे आडनाव रोमन लिपीत कधी जोडून, कधी तोडून, कधी एक एस लावून, कधी दोन लावून छापले जाते. एकाच माणसाच्या तीन पेपरांत तीन रूपे सापडली तर नवल नाही. गावकर, शिरोडकर, नाईक यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे जुन्या कागदपत्रांतून पासपोर्टवर आणि तिथून पेपरांवर येतात. डिसोझामधले वरचे स्वल्पचिन्ह काही डेटाबेस गिळतात, काही त्या जागी मोकळी जागा सोडतात, आणि मग 'सोझा, डी.' नावाचा एक वेगळाच संशोधक जन्माला येतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची पीएच.डी.पर्यंतची कारकीर्द आणि नंतरची कारकीर्द अशी दोन प्रोफाइल असणे तर नेहमीचेच. उलट बाजूने, 'एस. नाईक' किंवा 'आर. फर्नांडिस' शोधलेत तर भूगर्भशास्त्र, औषधनिर्माण आणि मत्स्यविज्ञान एकाच माणसाच्या नावावर जमा झालेले दिसते.

म्हणून शोध नावाने करू नका, तीन खुणांनी करा: संस्था, सहलेखक आणि विषय. स्कोपसमध्ये एकाच माणसाची दोन-तीन लेखक-ओळखपत्रे सापडली तर सगळ्यांचे क्रमांक टिपून घ्या. ती एकत्र करण्याची विनंती लेखक-दुरुस्तीच्या पानावरून मोफत पाठवता येते. तोवर हिशेब तुम्हीच एकत्र करायचा.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पेपराला एक ओळ द्या. रकाने असे: वर्ष, शीर्षक, जर्नलचे छापलेले नाव, खंड आणि पान, डीओआय (पेपराचा कायमचा ओळख-क्रमांक), एकूण लेखक, आपल्या माणसाचा क्रम, तो करस्पाँडिंग लेखक (पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेला) आहे का, पेपराचा प्रकार, तीन डेटाबेसमधली सायटेशन, त्यातली स्वतःची, आणि आकडा पाहिल्याची तारीख. डीओआय नसलेल्या ओळी लाल करा. त्रास त्यांच्यातच होणार आहे.

त्रासाची तीन ठिकाणे ठरलेली आहेत. पहिले, जर्नलांची बदललेली नावे. भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जचा रसायनाचा भाग २००४ पासून जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस झाला. त्याआधीचे भारतीय सैद्धांतिक रसायनातले बरेच काम त्या जुन्या लांबलचक नावाखाली आहे आणि त्याची संक्षेपरूपे लेखकागणिक बदलतात. थिओरेटिका किमिका अॅक्टा १९९७ मध्ये थिओरेटिकल केमिस्ट्री अकाउंट्स झाले. हरिहरन आणि पोपल यांचा ६-३१जी* बेसिस सेटचा (गणनात इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या फलनांच्या संचाचा) १९७३ चा पेपर जुन्या नावाच्या जर्नलात आहे, तरी पुष्कळ लोक तो नव्या नावाने उद्धृत करतात. ते नाव १९७३ मध्ये अस्तित्वातच नव्हते. जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री १९९७ मध्ये ए आणि बी असे फुटले, त्यामुळे १९९६ च्या पेपरापुढे 'ए' लावलेला संदर्भ दिसला तर तो भरकटलेला आहे असे समजा.

दुसरे, पान-क्रमांक. जर्नल ऑफ केमिकल फिजिक्सने २००५ पासून पानाऐवजी सहा अंकी लेख-क्रमांक दिले. त्यातले काही शून्याने सुरू होतात. संदर्भ टंकताना ते शून्य गळाले की जुळणी हुकते आणि ते सायटेशन मूळ पेपराच्या खात्यात पडत नाही.

तिसरे, प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलात छापण्याआधी खुली ठेवलेली प्रत. आर्काइव्ह किंवा केमआर्काइव्हवरची प्रत आणि छापील पेपर यांची शीर्षके किंचित वेगळी असतील तर गूगल स्कॉलर त्यांना दोन पेपर मानते आणि सायटेशन वाटली जातात. प्रोफाइलच्या मालकाला दोन्ही नोंदी निवडून एकत्र करता येतात; दुसऱ्या कुणाला येत नाहीत. मालक जवळ असेल तर त्याला शेजारी बसवूनच हे करून घ्या, ईमेलवर हे काम होत नाही.

हरवलेली सायटेशन शोधायची असतील तर वेब ऑफ सायन्समधला 'साइटेड रेफरन्स सर्च' वापरा. तिथे लेखकाचे आडनाव, जर्नल आणि वर्ष टाकले की चुकीच्या खंडाचे, चुकीच्या पानाचे सगळे संदर्भ एकाखाली एक दिसतात. ज्यांचे जुने काम भारतीय जर्नलांत आहे त्यांच्यासाठी हा शोध चुकवू नका.

तीन डेटाबेस, तीन आकडे

एकाच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर २८, स्कोपसवर २३ आणि वेब ऑफ सायन्सवर २१ असा दिसला तर घाबरू नका, कुणी फसवत नाही. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदांचे सारांश, कधी कधी व्याख्यानाच्या पीडीएफसुद्धा मोजते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडलेली जर्नल्स, पुस्तके आणि परिषदाच मोजतात, आणि दोघांची निवड वेगळी आहे. स्कोपसमध्ये १९७० पूर्वीच्या लेखांच्या संदर्भयाद्या नीटशा नाहीत, त्यामुळे जुन्या पिढीच्या कामाला तिथे कमी दिसते.

तिन्ही आकडे एकाच दिवशी घ्या आणि प्रत्येकापुढे तारीख लिहा. एक डेटाबेस मुख्य ठरवा आणि सगळ्या तुलना त्यातच करा. एकाचा स्कॉलरवरचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी-शेजारी मांडणे ही अशा आढाव्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि बहुतेक वेळा ती मुद्दाम केलेली नसते. ज्याचे जे सापडले ते उतरवलेले असते, इतकेच.

गूगल स्कॉलरवर एखाद्या पेपराला उद्धृत करणाऱ्यांची यादी पहिल्या हजार निकालांपलीकडे दिसत नाही. मोठ्या पेपराचे संदर्भ वाचायचे तर वर्षावर्षाचे तुकडे करून पाहावे लागतात. हार्झिंग यांचा पब्लिश ऑर पेरिश हा मोफत प्रोग्रॅम स्कॉलरमधून यादी ओढून स्प्रेडशीट बनवून देतो. पण भराभर शोध मारले तर स्कॉलर काही तास दार लावून घेते.

हाताने मोजा, एकदा तरी

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त आहेत तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच.

समजा एका तरुण संशोधकाचे बारा पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ४१०, ९६, ५४, ४१, ३३, २२, १७, १२, ९, ९, ४, ०. आठव्या पेपराला १२, चालले. नवव्याला ९, चालले. दहाव्याला ९, म्हणजे कमी पडले. एच ९. स्कॉलरचा आय-१० म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशनचे पेपर, ते ८. एकूण ७०७.

आता यापुढचे पाहा, कारण माहिती इथे आहे. ७०७ पैकी ४१० एकाच पेपराची, म्हणजे ५८ टक्के. सरासरी ५८.९ येते, पण मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, फक्त १९.५. बारापैकी दहा पेपर सरासरीच्या खाली आहेत. सैद्धांतिक रसायनात अशी उतरंड सर्रास दिसते, आणि त्या वरच्या एका पेपरात काय आहे हा आढाव्यातला मुख्य प्रश्न ठरतो. म्हणून एकूण सायटेशन आणि एच याबरोबर मध्यक आणि वरच्या पेपराचा वाटा हे दोन आकडे नेहमी द्या. हे दोन आकडे कुठलाच डेटाबेस पहिल्या पानावर दाखवत नाही.

एच पेपरांच्या संख्येवर चढूच शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी एक पद्धतीचा पेपर लिहिणाऱ्याचा एच लहान राहणारच. वयाचा फरक काढायचा असेल तर एचला पहिल्या पेपरापासूनच्या वर्षांनी भागा. दहा वर्षांखालच्या कारकिर्दीत मात्र ही भागाकाराची गंमत फारशी भरवशाची नाही.

स्वतःची सायटेशन वगळताना स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये दोन पर्याय आहेत: फक्त या लेखकाची वगळा, किंवा सगळ्या सहलेखकांची वगळा. दुसरा घ्या. लहान गटात मार्गदर्शक आणि विद्यार्थी एकमेकांना आळीपाळीने उद्धृत करतात, ते पहिल्यात निसटते. प्रमाण जास्त निघाले म्हणून लगेच भुवया उंचावू नका. एकच पद्धत वीस वर्षे घडवणारा माणूस स्वतःच्या आधीच्या पायऱ्या सांगणारच. त्या क्षेत्रात जगभर मोजकेच गट असतात.

पेपरांचे ढीग

प्रत्येक पेपरापुढे प्रकार लिहा. पाच पुरतात: पद्धत, प्रोग्रॅम, उपयोजन (तयार पद्धत रेणूंवर चालवणे), सहकार्य (प्रयोगवाल्यांबरोबरचे) आणि परीक्षण (इतरांच्या कामाचा आढावा घेणारा लेख). शीर्षकावरून ठरवू नका, गोषवारा वाचा. शंका आली तर समीकरणे मोजा. ऐकायला बालिश वाटते, पण चालते.

पद्धतीच्या पेपराचे नशीब विचित्र असते. रेणूची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून काढणाऱ्या डेन्सिटी फंक्शनल सिद्धांताचा पाया होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये घातला, कोन आणि शाम यांनी १९६५ मध्ये तो वापरण्याजोगा केला. रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात तो आला १९९० च्या दशकात, चांगली फंक्शनल्स (घनतेवरून ऊर्जा काढण्याची सूत्रे) तयार झाल्यावर आणि गॉसियनसारख्या प्रोग्रॅममध्ये ती बसवली गेल्यावर. कोन यांना पोपल यांच्याबरोबर रसायनाचे नोबेल मिळाले १९९८ मध्ये. मधल्या काळात जर्नलातल्या पेपरांची सरासरी सायटेशन दोन वर्षांच्या खिडकीने मोजणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरला या कामाचे रासायनिक वजन कसे दिसणार होते? पद्धत लोकांच्या हातात पडते ती प्रोग्रॅममधून, आणि प्रोग्रॅमला वेळ लागतो. म्हणून पद्धतीच्या पेपराचा आलेख निदान दहा वर्षांचा काढा. पहिली चार वर्षे सपाट आणि नंतर चढ असेल तर चढाच्या वर्षी तो कुठल्या प्रोग्रॅममध्ये गेला ते शोधा. प्रोग्रॅमच्या आवृत्त्यांच्या टिपणांत ते सापडते.

दुसऱ्या टोकाला बी३एलवायपी, रसायनात सर्रास वापरले जाणारे एक फंक्शनल. २०१४ मध्ये नेचरने वेब ऑफ सायन्सवरून सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी छापली. त्यात ली, यांग आणि पार यांचा १९८८ चा पेपर (त्यांच्या आद्याक्षरांवरून एलवायपी) सातवा आणि बेक यांचा १९९३ चा पेपर आठवा होता. हे दोन्ही पेपर बी३एलवायपी वापरणारा प्रत्येक जण उद्धृत करतो. गंमत अशी की बेक यांच्या १९९३ च्या पेपरात एलवायपी नाहीच. तिथे तीन गुणांक, ०.२०, ०.७२ आणि ०.८१, वेगळ्या कोरिलेशन फंक्शनलसह बसवले होते. त्या जागी एलवायपी घालून आजचे रूप छापले स्टीफन्स, डेव्हलिन, चाबालोव्स्की आणि फ्रिश यांनी १९९४ मध्ये, आणि त्यांना तुलनेने कमी लोक उद्धृत करतात. त्यातही गॉसियनमधले बी३एलवायपी व्होस्को-विल्क-नुसेर सूत्राचे तिसरे रूप वापरते, ऑर्का हा दुसरा प्रोग्रॅम पाचवे. ऊर्जा सारख्या येत नाहीत, पण सायटेशन मात्र त्याच दोन पेपरांना पडतात. तेव्हा सायटेशन कुणाला पडले आणि काम कुणाचे वापरले हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

प्रोग्रॅमची गोष्ट आणखी बेभरवशाची. गॉसियन उद्धृत करतात ते कंपनीचे नाव, आवृत्ती आणि गाव लिहून. तो जर्नलातला पेपर नाही, त्यामुळे स्कोपसच्या मुख्य यादीत लेखकांच्या खात्यात ती सायटेशन येत नाहीत. ऑर्काचे लेखक फ्रँक नीझे यांनी २०१२ मध्ये जर्नलात लेख लिहिला, व्हास्प या प्रोग्रॅमचा क्रेस आणि फुर्थम्युलर यांचा १९९६ चा पेपर फिजिकल रिव्ह्यू बी मध्ये आहे; त्यांची सगळी मोजली जातात. म्हणजे सारख्याच मोलाचे काम करून एकाच्या नावावर डोंगर आणि दुसऱ्याच्या नावावर शून्य, आणि कारण फक्त संदर्भ कसा द्यायला सांगितला हे. तुमचा माणूस एखाद्या प्रोग्रॅमच्या लेखक-यादीत असेल तर त्या प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावरचा संदर्भ आधी पाहा. उलट, क्यू-केम या प्रोग्रॅमच्या चौथ्या आवृत्तीच्या २०१५ च्या पेपरावर शंभराहून जास्त लेखक आहेत. अशा एका पेपराने एखाद्याच्या आढाव्याचा तोल जातो. तो यादीत ठेवा, पण बेरजेत वेगळा दाखवा, आणि सोबत लेखकसंख्येने भागलेली बेरीजही द्या.

सहकार्याच्या ढिगात प्रयोगवाल्यांचे पेपर येतात. गोव्यासारख्या लहान ठिकाणी हे प्रमाण मोठे असते, कारण विभागात धातू-संकुले किंवा पदार्थविज्ञान करणारे पुष्कळ आणि गणन करणारा एखादाच. त्याच्याकडे सगळे येतात. असा माणूस आठ लेखकांत पाचवा असतो, पेपर मोठ्या जर्नलात जातो, सायटेशन भरपूर पडतात आणि ती बहुधा पदार्थासाठी असतात. यात कमीपणा काही नाही. फक्त ती सिद्धांताची सायटेशन म्हणून दाखवू नका.

पदोन्नतीच्या फाइलसाठी यातला व्यावहारिक भाग एवढाच: यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के गुण, दोनाहून अधिक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. सिद्धांताचे पेपर दोन-तीन लेखकांचे असतात, त्यामुळे लेखक-क्रमाचा रकाना आधीच भरलेला असला तर फाइल तासाभरात होते. तुमच्या वेळी कुठली नियमावली लागू आहे ते मात्र कार्यालयातून लेखी घ्या.

सायटेशन वाचायची

वरचे पाच पेपर घ्या. प्रत्येकाला उद्धृत करणारे वीस पेपर निवडा. स्कोपसने 'संबंधित' म्हणून वर आणलेले घेऊ नका. तारखेने लावून ठरावीक अंतराने उचला. चारशे सायटेशन असतील तर दर विसावा. प्रत्येक पेपरात आपला संदर्भ-क्रमांक शोधा आणि ते वाक्य वाचा. मग एक अक्षर लिहा: 'व' म्हणजे पद्धत वापरली, 'प' म्हणजे पुढे नेली, 'त' म्हणजे तपासली किंवा खोडली, 'उ' म्हणजे प्रस्तावनेत नुसता उल्लेख, 'स' म्हणजे स्वतःचे किंवा सहलेखकाचे.

शंभर वाक्ये वाचायला पाच-सहा तास लागतात. संपूर्ण आढाव्यात यासारखे उपयोगी काम दुसरे नाही. 'व'ची सायटेशन बहुधा संगणकीय पद्धतींच्या परिच्छेदातल्या एकाच ठरीव वाक्यात सापडतात: अमुक रेणूची रचना बी३एलवायपी/६-३१जी(डी) पातळीवर काढली, आणि शेवटी चार क्रमांक. 'उ'ची खूण म्हणजे 'अलीकडे बरेच काम झाले आहे [३-१७]' असला गठ्ठा. एखाद्या पेपराला दोनशे सायटेशन असून विसात सतरा 'उ' निघाले तर तो परीक्षण-लेख असण्याची शक्यता मोठी. प्रकाराचा रकाना पुन्हा तपासा. आणि चाळीसच सायटेशन असून विसात नऊ 'प' निघाले, तर तो पेपर आढाव्यात सगळ्यात वर घ्या. ते चाळीस जण बाकीच्या दोनशेंपेक्षा जास्त बोलतात.

'त'ला घाबरू नका. नवी फंक्शनल्स जुन्यांशी ताडून पाहिली जातात, त्यामुळे मोजमापाचा दगड म्हणून उद्धृत होणे या विषयात मानाचे असते.

अगदी जुने आणि मुरलेले काम उद्धृतच होत नाही. बॉर्न-ओपेनहायमर अंदाज १९२७ चा, रूटहान यांची समीकरणे १९५१ ची. आज दोन्ही नावे हजारो पेपरांत येतात आणि खाली संदर्भ नसतो. तुमच्या माणसाच्या नावाने एखादे समीकरण, निर्देशांक किंवा पद्धत ओळखली जात असेल तर त्या नावाचा मजकुरात शोध घ्या. सायटेशन आणि नामोल्लेख यांच्यातली तफावत लिहिण्याजोगी असते.

कारकिर्दीचे धागेही याच वाचनातून लागतात. पुणे विद्यापीठातल्या श्रीधर गद्रे यांचे उदाहरण घ्या: रेणूंच्या विद्युत-विभवाची स्थलरचना हा एक धागा, मोठा रेणू तुकड्यांत कापून गणन करण्याची मॉलिक्युलर टेलरिंग पद्धत हा दुसरा. दोन्हींचे वाचक वेगळे आहेत. नुसती वर्षवार बेरीज काढली तर दोन चढ एकमेकांत मिसळतात आणि गोष्ट हरवते. प्रत्येक धाग्याचा आलेख वेगळा काढा.

तुलना कुणाशी

स्कोपसच्या वर्गीकरणात 'फिजिकल आणि थिओरेटिकल केमिस्ट्री' असा एकच वर्ग आहे. बॅटरी, उत्प्रेरक आणि नॅनोपदार्थ यांचे पेपरही त्यातच मोजले जातात, आणि त्या विषयांत माणसे कितीतरी जास्त आहेत. म्हणून क्षेत्रभारित सायटेशन-गुणोत्तर, ज्यात जगाची सरासरी १ धरलेली असते, ते सिद्धांतवाल्याला १ च्या खाली दाखवते तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. ते गुणोत्तर प्रकाशनाचे वर्ष आणि पुढची तीन वर्षे एवढेच मोजते. पद्धतीचा पेपर तेवढ्यात जागा होत नाही.

त्याऐवजी तुलनेचा संच स्वतः बांधा. त्याच वर्षाचे, त्याच जर्नलातले, त्याच प्रकारचे तीस-चाळीस पेपर घ्या आणि आपला पेपर त्यात कितवा आहे ते पाहा. 'जर्नल ऑफ केमिकल थिअरी अँड कॉम्प्युटेशनच्या त्या वर्षीच्या चाळीस पद्धती-पेपरांत सहावा' हे वाक्य कुठल्याही निर्देशांकापेक्षा समितीला जास्त कळते. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पेपरासाठी वापरू नका. शेलड्रिक यांच्या शेलएक्स या स्फटिकरचना काढणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या २००८ च्या एका लेखाने अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए चा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपासून ४९.९ वर नेला होता. त्या जर्नलातल्या बाकीच्या लेखकांनी त्यासाठी काहीच केले नव्हते.

दरवर्षी 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' अशी बातमी वर्तमानपत्रांत येते आणि सत्काराच्या शाली निघतात. ती यादी स्टॅनफर्डच्या योआनिदिस यांच्या गटाची, स्कोपसच्या माहितीवर, सहा निर्देशांकांच्या एकत्रित गुणावर. तिच्या दोन वेगळ्या फायली असतात: एक पूर्ण कारकिर्दीची, एक फक्त एका वर्षाची. बातमीत हा फरक गळतो. आढाव्यात नोंद करायची असेल तर कुठली फाइल, कुठले वर्ष, कुठले उपक्षेत्र आणि स्वतःची सायटेशन वगळून क्रम काय, हे चारही लिहा. केमिकल फिजिक्स हे उपक्षेत्र तिथे भौतिकशास्त्राखाली आहे, त्यामुळे माणूस रसायनात शोधून सापडला नाही तर तिकडे पाहा.

लिहून काढताना

दोन पाने पुरतात. पहिल्या परिच्छेदात धागे, वर्षांसह. दुसऱ्यात वरचे पाच पेपर, प्रत्येकाला दोन ओळी: काय नवे होते आणि कोण वापरते. मग एक छोटा तक्ता: पेपर, सायटेशन, स्वतःची वगळून, एच, मध्यक, वरच्या पेपराचा वाटा, डेटाबेस आणि तारीख. वाचलेल्या शंभर वाक्यांचा गोषवारा एका ओळीत: 'व' इतके, 'प' इतके. विशेषणे टाळा, 'जागतिक कीर्तीचे' लिहिल्याने समितीतला बाहेरचा तज्ज्ञ सावध होतो.

छापण्यापूर्वी मसुदा ज्यांच्यावर लिहिला त्यांना दाखवा, पण आकडे दुरुस्त करायला नव्हे. कुठला पेपर कुठल्या ढिगात टाकला एवढेच विचारा. 'हे सहकार्य नव्हे, यातली पद्धत माझीच होती' असे उत्तर आले तर पेपरातला भाग मागून घ्या, वाचा आणि मग रकाना बदला. मूळ स्प्रेडशीट विभागाच्या संगणकावर ठेवा, एकाच माणसाच्या पेनड्राइव्हवर नको. पुढच्या वर्षी नवे आकडे नव्या रकान्यात भरा, जुन्यांवर लिहू नका.